रिपोर्ट क्लिअर आला, त्यानंतरची दोन वर्षं: लिम्फोमातून उठलेल्या एका माग कारागिराचं प्रकरण

२०२२ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी अण्णा दवाखान्यात पेढे घेऊन आले. मागे त्यांच्या पत्नी अक्का, काखेत फाइलींची पिशवी. उपचारानंतर कॅन्सर उरलाय का हे पाहायला काढतात त्या पेट स्कॅनचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवलेला होता. "मॅडम, सगळं क्लिअर आलं बघा. आता काय नाही," असं म्हणत अण्णांनी पेढ्यांच्या पुड्याची सुतळी सोडायला घेतली. त्यांना ती सुटेना. दोनदा बोटं घसरली. मग अक्कांनी पुडा ओढून घेतला आणि दाताने सुतळी तोडली. आम्ही सगळे हसलो, पेढा खाल्ला. अठ्ठावीस वर्षं धाग्याला गाठी मारणाऱ्या माणसाला सुतळीची गाठ सुटत नाही, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि मी त्याची नोंद केली नाही.

हे प्रकरण त्या संध्याकाळपासून पुढच्या दोन वर्षांचं आहे. कॅन्सरचा उपचार संपला की रुग्ण आपल्या गल्लीत, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे परत येतो. तिथून पुढचं काम कुणाचं, हे कुणी ठरवून दिलेलं नसतं. मला ते उशिरा कळलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. अण्णा-अक्कांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजार, थोडक्यात

अण्णा तेव्हा ४६ वर्षांचे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. टॉवेलच्या कारखान्यात दोन माग सांभाळायचे. अक्का घरी विड्या वळतात. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत, धाकटी मुलगी बारावीला.

त्या वर्षी मार्चमध्ये मानेच्या डाव्या बाजूला न दुखणारी गाठ आली. संध्याकाळी ताप, रात्री उशी भिजेल इतका घाम, तीन महिन्यांत वजन नऊ किलोंनी कमी. एका ठिकाणी सुईची तपासणी करून टीबीची औषधं सुरू झाली. आपल्याकडे असं वारंवार होतं, कारण ताप आणि मानेत गाठ म्हटलं की टीबीचा अंदाज पुष्कळदा खराही ठरतो. पण सुईच्या टोकाला लागलेल्या थोड्याशा पेशींवरून लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, ओळखणं अवघड असतं, त्यासाठी शक्यतो अख्खी गाठ काढून तपासावी लागते. दोन महिने औषध घेऊनही गाठ वाढत राहिली, तेव्हा बायोप्सी झाली. निदान आलं डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या बी पेशींचा हा कॅन्सर वेगाने वाढतो, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये औषधाने कायमचा जातो.

उपचार ठरलेला, आर-चॉप. रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टीन ही चार औषधं शिरेतून आणि प्रेडनिसोलोन पाच दिवस तोंडाने. दर २१ दिवसांनी एक, असे सहा डोस. जुलैच्या मध्यावर पहिला, ऑक्टोबरच्या शेवटी सहावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत औषधांचा मोठा खर्च निघाला. पगार मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. पाच महिने माग बंद म्हणजे पाच महिने कमाई बंद, आणि अक्कांचं सोनं गहाण पडलं.

आपल्या जिल्ह्याला कॅन्सर नवा नाही. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. कुणाला कोणता कॅन्सर झाला, तो माणूस आज हयात आहे की नाही, हे अशा नोंदवहीत लिहिलं जातं. हयात असलेल्या माणसाला गाठ मारता येते का, यासाठी तिथे रकाना नसतो. तो रकाना आम्ही भरायचा.

माझी चूक

पेढे खाल्ले त्या संध्याकाळी मी अण्णांना म्हणाले, "शरीरानं लई सोसलंय. आता दोन महिने निवांत आराम करा." अक्कांनी तो सल्ला जिवापाड पाळला. अण्णा पलंगावर, ताट पलंगावर, टीव्ही समोर. ताट-वाटी वेगळी ठेवलेली होती, कारण शेजारच्या कुणीतरी "हा रोग लागतो" असं सांगितलेलं. अंडी-मटण बंद, दही बंद, भात बंद. भाकरी पचायला जड म्हणून तीही अर्धी.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली. अण्णा दरवर्षी नंदीध्वजांच्या दर्शनाला जातात. या वेळी गर्दी नको म्हणून मी नाही म्हणाले होते, आणि तेवढा सल्ला बरोबर होता. पण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते आले तेव्हा दवाखान्याच्या सात पायऱ्या चढून धापा टाकत होते. किमो चालू असताना याच पायऱ्या ते एका दमात चढायचे. वजन सहा किलोंनी वाढलेलं, मांड्या मात्र बारीक. अक्का कुजबुजल्या, "परत आलं का वो ते?"

परत आलेलं नव्हतं. हिमोग्लोबिन ११.८, थायरॉइड ठीक, बी-१२ कमी. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.६ होती. दर डोसाला पाच दिवस घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर वर नेलेली, ती बसून बसून वरच राहिली. हृदयाचा इको सामान्य होता. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, त्यामुळे धाप लागली की आधी ती शंका काढून टाकावी लागते.

उरला तो कॅन्सरनंतरचा थकवा. झोप काढून, बसून तो जात नाही. प्रेडनिसोलोनने मांडीचे स्नायू झिजतात, अंथरुणावर पडून आणखी झिजतात. मग चार पावलांत दम लागतो आणि माणूस पुन्हा आडवा होतो. या थकव्यावर आजवर जे जे करून पाहिलं गेलं, त्यात व्यायामाचा पुरावा औषधांपेक्षा भक्कम आहे. मला हे ठाऊक होतं. अण्णांचा चेहरा पाहून माया आली आणि मी "आराम करा" म्हणून बसले. दोन महिने त्यात गेले.

त्याच भेटीत फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि अंगावर काटा आला. अण्णांना पूर्वी कधीतरी हिपॅटायटिस बी होऊन गेल्याच्या खुणा रक्तात होत्या. रिटुक्सिमॅब बी पेशी पुसून टाकतं, आणि यकृतात दबून बसलेला हा विषाणू मोकाट सुटू शकतो. त्यामुळे यकृत निकामी होऊन माणसं दगावलेली आहेत. म्हणून त्यांना एंटेकाविरची रोज एक गोळी होती, रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसानंतरही किमान वर्षभर घ्यायची. अण्णांनी ती तीन आठवड्यांपूर्वी बंद केली होती. गोळ्या संपल्या आणि रिपोर्ट तर क्लिअर होता. त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली, यकृताच्या आणि विषाणूच्या तपासण्या केल्या, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. सुदैवाने यकृत शाबूत होतं. तेव्हापासून किमो संपवून आलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारते, "अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि कोणत्या तुम्ही स्वतः बंद केल्यात?"

चालण्याचं वेळापत्रक साधं ठेवलं. पहिला आठवडा दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं, गल्लीतच. दर आठवड्याला थोडी वाढ. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हे तीन महिन्यांनंतरचं ठिकाण. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आधी पाच वेळा. बाकी ताटातली सगळी बंधनं उठवली. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, रोज दोन अंडी, नीट शिजलेलं मटण. ताट-वाटी एक करायला लावली. "हा रोग लागत नाही" हे मी अक्कांना सांगितलं, आणि मुलीलाही वेगळं बसवून सांगितलं, कारण बापाजवळ बसायला पोर बिचकत होती.

"गाठ बसंना झालीय"

फेब्रुवारीच्या त्याच भेटीत उठता उठता अण्णा म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? बोटं बधिर हायत. सूत धरलं तरी कळंना. गाठ बसंना झालीय." मग मला पेढ्यांचा पुडा आठवला.

मागावर उभा-आडवा धागा सारखा तुटत असतो. तुटला की माग थांबतो, टोकं शोधायची, गाठ मारायची, माग सुरू. मुरलेला कारागीर हे नजर न लावता दोन-तीन सेकंदांत करतो, कारण पाहण्याचं काम बोटांची टोकं करतात. दोन माग चालवताना नजर एकीकडे आणि बोटं दुसरीकडे. अण्णांची बोटंच आंधळी झाली होती.

याला कारण विनक्रिस्टीन. आपल्या मज्जातंतूची पेशी कण्याजवळ असते आणि तिचा धागा पार बोटाच्या टोकापर्यंत जातो. एवढ्या लांब खुराक पोचवायला त्या धाग्याच्या आत सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात. कॅन्सरची पेशी दुभंगताना अशाच नळ्या बांधते, आणि विनक्रिस्टीन त्या बांधू देत नाही. कॅन्सर मरतो तो यामुळेच, आणि लांबलचक मज्जातंतूंची टोकं उपाशी राहतात तीही यामुळेच. म्हणून मुंग्या, बधिरपणा, बद्धकोष्ठता. औषध थांबल्यावरही काही आठवडे हा त्रास वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो. काहींचा काही महिन्यांत, काहींचा वर्ष-दोन वर्षांत, आणि काहींचा थोडा मागे राहतोच. हे सगळं अण्णांना आधी कुणी सांगितलं असतं, तर "मी कामातून गेलो" असं मनात धरून ते तीन महिने गप्प बसले नसते.

इथे सदाफुलीची गोष्ट सांगायलाच हवी. अण्णांची साखर वाढल्याचं कळल्यावर एका नातेवाइकाने रोज सकाळी सदाफुलीची पानं-फुलं वाटून रस प्यायला सांगितलं होतं, साखरेलाही चांगली आणि कॅन्सरलाही म्हणून. पूर्व भागात दारोदारी कुंडीत सदाफुली असते. विनक्रिस्टीन याच झाडापासून मिळतं. पण त्याचा एका वेळचा डोस साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, तोही फक्त शिरेतून, मोजून. वाटीभर रसात काय किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं. मी म्हणाले, "अण्णा, ज्या झाडानं बोटं बधिर केली त्याचाच रस पिताय." त्यांना ते लगेच पटलं. नातेवाइकाला पटवायला वेळ लागला. त्यांनाही बोलावलं, चहा दिला, समजावलं. त्यांनी दिलेला सल्ला प्रेमापोटीच होता.

बधिरपणा घालवणारी खात्रीची गोळी नाही. आग होत असेल, झोप मोडत असेल तर ड्युलोक्सेटिनसारखी गोळी काहींना उपयोगी पडते, पण अण्णांना दुखत नव्हतं, कळत नव्हतं. बी-१२ कमी होतं म्हणून ते भरून काढलं, कारण त्याची कमतरता हाच त्रास वाढवते. साखर उतरवली, तीही त्याच कारणाने. बाकीच्या महागड्या व्हिटॅमिनच्या बाटल्या बंद केल्या.

उरला सराव. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका चाचणीत लिम्फोमाचेच ६१ रुग्ण होते. ज्यांनी उपचारासोबत तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, त्यांच्या मज्जातंतूंच्या तक्रारी आणि तोल दोन्ही इतरांपेक्षा सुधारले. तिथे डुगडुगती फळी वगैरे वापरतात. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी चार घड्या घातलेली सोलापुरी चादर वापरली. तिच्यावर अनवाणी उभं राहायचं, भिंतीला हात लागेल इतक्या अंतरावर. आधी दोन पाय, मग एक पाय, मग डोळे मिटून. मग टाचेला बोटं लावत रेघेवरून चालायचं.

बोटांसाठी परातीत ज्वारी घ्यायची, त्यात बटणं, शेंगदाणे, एक-दोन रुपयांची नाणी लपवायची आणि डोळे मिटून शोधून काय आहे ते सांगायचं. हा खेळ मुलगी बापाशी खेळायची, आणि बिचकणं त्यातच संपलं. गाठींसाठी क्रम ठरवला. आधी सुतळी, मग लोकरीचा धागा, मग जाड सूत, शेवटी बारीक. सुरुवातीला नजर लावून, चांगल्या उजेडात. फेब्रुवारीत मी घड्याळ लावलं तेव्हा पाच मिनिटांत सुताच्या तीन गाठी टिकल्या, बाकीच्या ओढताच सुटल्या. जूनमध्ये पाच मिनिटांत चौदा. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथाचं दर्शन घेऊन अण्णा थेट दवाखान्यात आले, तेव्हा तीन मिनिटांत वीस. दुरून पाहा आणि मास्क लावा असं सांगितलं होतं, ते त्यांनी पाळलं.

पाय मात्र त्या उन्हाळ्यात एकदा दगा देऊन गेले. एप्रिलमध्ये गच्चीवरचे कपडे काढायला अण्णा भर दुपारी अनवाणी गेले. सोलापूरच्या उन्हात ती फरशी तव्यासारखी असते. त्यांना कळलंच नाही, संध्याकाळी तळव्याला फोड दिसले. तेव्हापासून घरातही चप्पल, झोपताना दोन्ही तळवे आरशात पाहणं, आणि बादलीतलं गरम पाणी आधी कोपराने तपासणं हे नियम झाले. साखर असलेल्या रुग्णांना आपण हे सांगतो. किमो घेतलेल्यांना सांगायचं विसरतो.

मार्चमधली रात्र

फेब्रुवारीत मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: "ताप १००.४ किंवा जास्त, किंवा थंडी वाजून कापरं भरलं, तर पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही. त्याच वेळी फोन." अक्कांनी तो पुठ्ठा कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला. "मॅडम, शंभर पॉइंट आठ दाखवतंय." सर्दी नाही, जुलाब नाही, घसा ठीक. मी सरळ रुग्णालयात पाठवलं. रक्त तपासलं तर संसर्गाशी सगळ्यांत आधी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, ज्या पंधराशेच्या वर हव्यात, त्या सहाशे. शेवटचा डोस होऊन साडेचार महिने उलटले होते. किमोने खाली आलेल्या पेशी केव्हाच वर येऊन गेल्या होत्या, मग आता हे काय?

रिटुक्सिमॅब घेतलेल्या काही रुग्णांत शेवटच्या डोसानंतर साधारण एक ते पाच महिन्यांनी न्यूट्रोफिल अचानक उतरतात. बहुतेकदा आपोआप वर येतात, पण त्या काळात ताप आला तर तो साधा ताप समजून चालत नाही. रात्रीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, चौथ्या दिवशी पेशी चढू लागल्या, सातव्या दिवशी अण्णा घरी. अक्कांनी सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी मांडत बसत नाही. त्या पुठ्ठ्याची प्रत मात्र आता माझ्या टेबलाच्या खणात गठ्ठ्याने असते.

त्या रात्रीनंतर पाण्याचा विषय काढला. आमच्याकडे तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, घराघरात बॅरल भरून ठेवलेले असायचे. पिण्याचं पाणी उकळून, तोटीच्या भांड्यात. बॅरल झाकून, डेंग्यूच्या डासासाठी. गाड्यावरची चटणी-पाणीपुरी वर्षभर बंद. लसींसाठी मे उजाडेपर्यंत थांबलो, कारण बी पेशी नसताना लस दिली तर तिची ओळख पटवणारंच कुणी हजर नसतं. सहा महिने झाल्यावर न्यूमोनियाची आणि पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूची लस दिली. फ्लूची अक्का आणि मुलीलाही दिली. लिम्फोमानंतर नागीण होण्याचं प्रमाण जास्त असतं. तिची जिवंत विषाणू नसलेली लस त्याच वर्षी भारतात आली, पण तिच्या दोन डोसांची किंमत या घराला झेपणारी नव्हती. म्हणून नागीण ओळखायला शिकवलं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग आणि पुरळ आलं, तर तीन दिवसांच्या आत माझ्याकडे.

घाम आणि भीती

मे महिन्यात अण्णा रोज रात्री घामाने भिजून उठायचे. रात्रीचा घाम हे लिम्फोमाचं लक्षण, हे त्यांना पक्कं माहीत. आणि मे महिन्यात सोलापुरात रात्री कोण कोरडं असतं? दिवसा ४२-४३ अंश, पत्र्याचं घर, मध्येच वीज जाते. मी विचारलं, "अक्कांनाबी येतो का घाम?" "येतो की." "सकाळी ताप?" "नाही." "वजन?" वजन स्थिर होतं. तरी त्यांची भीती गेली नाही, आणि ती जावी अशी अपेक्षा धरणंही बरोबर नव्हतं. आजाराने त्यांना एकदा फसवलं होतं. साधी गाठ, टीबीची गाठ म्हणत म्हणत कॅन्सर निघाला होता.

ते दिवसातून वीस-पंचवीस वेळा मान चाचपायचे. इतकं दाबून दाबून तिथली एक बारकी ग्रंथी सुजली, आणि तिच्यामुळे आणखी चाचपणं. मग ठरवलं, तपासायचं ते महिन्यातून एकदा, विजेचं बिल येतं त्या दिवशी, मान, काख, जांघ. वाटाण्याहून मोठी, रबरासारखी, न दुखणारी गाठ दोन आठवड्यांनंतरही असेल किंवा वाढत असेल, चादर बदलावी लागेल असा घाम गार रात्रीही येत असेल, किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता यायचं.

मुलाचा पुण्याहून फोन यायचा, "मॅडम, दर तीन महिन्यांनी पेट काढूया ना, पैशाचं मी बघतो." त्याची तळमळ मला कळत होती. पण ज्यांचा रिपोर्ट पूर्ण स्वच्छ आला आहे आणि ज्यांना लक्षणं नाहीत, त्यांचे ठरावीक काळाने पेट काढत राहू नयेत, असं २०१४ च्या लुगानो शिफारशी सांगतात. पेट स्कॅनला कॅन्सर दिसत नाही, साखर खाणाऱ्या पेशी दिसतात. टीबी, साधा संसर्ग, सुजलेली ग्रंथी, सगळं तिथे चमकतं. आपल्या भागात टीबी इतका, की एक चमक दिसली की बायोप्सी, आणि बायोप्सीचा निकाल येईपर्यंत घराची झोप उडालेली. परतणारा लिम्फोमा बहुतेकदा रुग्णाला स्वतःलाच आधी जाणवतो. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी भेट, हाताने तपासणी, रक्त, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, हा क्रम धरला. स्कॅन शंका आली तरच.

मुलाला एक गोष्ट सांगितली आणि तीच त्याला सगळ्यांत उपयोगी वाटली. हा लिम्फोमा परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परततो. निदानापासून २४ महिने जे निर्धोक पार करतात, त्यांचं पुढचं आयुर्मान त्याच वयाच्या इतर माणसांच्या जवळपास येतं. त्याने मोबाइलमध्ये तारीख लावून ठेवली.

कामावर

आषाढी झाल्यावर अण्णा कारखान्यात गेले, पण मागावर बसले नाहीत. मालकांशी मी आणि अण्णा एकत्र बोललो. त्यांनी सुरुवातीला घडी आणि तपासणीच्या विभागात अर्धी पाळी दिली. बसून काम, धूळ कमी, आणि टॉवेलमधला दोष बोटांनी शोधायचा असल्यामुळे सरावही. दिवाळीनंतर एक माग, दिवसपाळीच. दोन माग त्यांना आजही झेपत नाहीत. त्यामुळे कमाई पूर्वीच्या सुमारे दोन तृतीयांश आहे, आणि हे मी कुठल्याही चांगल्या शब्दात झाकू इच्छित नाही. आजार बरा झाला, त्याची किंमत हे घर अजून भरतंय. गहाण सोन्यातलं निम्मं सुटलं आहे.

एंटेकाविर ठरल्या मुदतीपर्यंत चालली, मग कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ती थांबवली आणि पुढे काही महिने यकृत तपासत राहिलो. साखरेची सरासरी ६.४ वर उतरली आहे, बिनगोळीची. बोटांची टोकं थंडीत अजून थोडी बधिर होतात. डाव्या पायाच्या करंगळीची जाणीव परत आलेली नाही.

२०२४ च्या जूनमध्ये २४ महिने भरले, मुलाने पुण्याहून फोन करून तारीख वाचून दाखवली. डिसेंबरात, पेढ्यांच्या त्या संध्याकाळला दोन वर्षं झाली तेव्हा, अण्णा तपासणीला आले. मान, काख, पोट, सगळं मोकळं. वजन ठीक. मी फाइलवर पुढची तारीख लिहिली, सहा महिन्यांनंतरची. अण्णा उठेनात. ते म्हणाले, "माझं झालं. आता हिचं बघा की. कवाधरनं डोकं दुखतंय म्हणती."

अक्का "काय नाही वो" म्हणत मागे सरकल्या. दोन वर्षं प्रत्येक भेटीत त्या त्याच स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर अण्णांची फाइल घेऊन. तापाच्या रात्री थर्मामीटर त्यांनी वाचला होता, गोळ्यांचे डबे त्यांनी भरले होते, आणि रात्री दोनपर्यंत विड्या वळून घरही त्यांनीच ओढलं होतं. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. पट्टा बांधला. रक्तदाब १७४ आणि १०२. तोंड उघडायला सांगितलं, वर्षानुवर्षं मिश्री लावलेली होती. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा.

मी नवा केसपेपर काढला आणि त्यावर अक्कांचं नाव लिहिलं. अण्णा त्या स्टुलावर जाऊन बसले आणि पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.